सगळं तुझंच आहे, तर मग कागद बघू

(पत्र थोडं कापून छापते आहे. गावाचं, सिनेमाचं आणि मालिकेचं नाव काढलं आहे.)

"मावशी, मी परभणी जिल्ह्यातली, वय २१. मी दहा वर्षांची असताना आमच्याकडं एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात शाळेतून माझी निवड झाली. सिनेमा गाजला, बक्षिसं मिळाली, गावात फ्लेक्स लागले. २०१८ मध्ये मुंबईच्या एका मालिकेत नायिकेच्या लहानपणीचं काम मिळालं. पप्पांनी शिलाईचं दुकान बंद केलं, आम्ही दोघं गोरेगावला खोली करून राहिलो. सव्वा वर्षानं मालिकेत लीप आला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढं नेली. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पॅकअप झाल्यावर ड्रेसदादानं माझ्या गळ्यातलं लॉकेट काढून घेतलं आणि म्हणाला, 'उद्यापासून हे मोठ्या ताईला लागतंय.' नंतर दोन वर्षं ऑडिशन दिल्या. लहान मुलीच्या रोलसाठी मोठी दिसते म्हणायचे, हिरॉईनसाठी लहान. शेवटी परत आले. दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून दिली, बारावी आर्ट्स केली, आता सेवा केंद्रावर लोकांचे फॉर्म भरून देते. लग्नकार्यात लोक अजून सिनेमातल्या नावानं हाक मारतात, डायलॉग म्हणायला लावतात. पप्पा म्हणतात त्याच डायलॉगचे रील कर, परत चालशील. माझ्या पैशाचं विचारलं की म्हणतात, सगळं तुझंच तर आहे. घरावर स्लॅब पडला, ताईचं लग्न झालं, हे खरं आहे. सिनेमात काम केलं म्हणून एक स्थळ परत गेलं, आणि त्याच कारणानं दुसरं आलं. मी परत मुंबईला जाऊ का? का मी दहाव्या वर्षीच संपले?"

लेकरा,

लॉकेटचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं परत उचललं. मालिकेत नायिकेचं लहानपण किती दिवस चालवायचं याचा अंदाज पहिल्या दिवसापासून असतो. टीआरपी चढला तर थोडं लांबतं, पडला तर आवरतं घेतात. लीप कधी येणार हे लेखकाला माहीत, निर्मात्याला माहीत, चॅनेलला माहीत, मेकअपरूममध्येही कुजबूज असते. ते माहीत नसतं फक्त त्या लेकराला. चौदा वर्षांच्या पोरीला शेजारी बसवून "बाळा, तुझं काम इथपर्यंतच होतं, छान केलंस" एवढं सांगायला पाच मिनिटंही लागली नसती. ती कोणी दिली नाहीत, म्हणून तू आज सात वर्षांनी मला विचारतेस की मी संपले का.

माझं म्हणणं सरळ आहे. तू जे केलंस ते काम होतं. गावानं त्याला देवाची देणगी म्हटलं, पप्पांनी नशीब म्हटलं, पेपरवाल्यांनी चिमुकलीची भरारी म्हटलं. पण सकाळी सहाला उठून मेकअपला बसणं, रात्री उशिरापर्यंत सीन देणं, खोलीवर येऊन दुसऱ्या दिवशीचे कागद पाठ करणं, याला काम म्हणतात. कामाला मोबदला असतो, मोबदल्याचा हिशोब असतो, आणि ते एक दिवस पुरं होतं. तुझं पुरं झालं, हिशोब तेवढा राहिलाय. म्हणून आधी पैशाचं बोलते, मुंबईचं नंतर.

"सगळं तुझंच तर आहे." आपल्याकडच्या बापांचं हे ठरलेलं वाक्य आहे आणि बहुतेक जण ते मनापासून म्हणतात. पण मनापासून म्हटल्यानं मुदत ठेवीची पावती तयार होत नाही. घर कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दिसतं. त्यावर तुझं नाव नसेल, तर स्लॅब तुझ्या पैशाचा आणि घर पप्पांचं, एवढाच त्याचा अर्थ. ताईचं लग्न तुझ्या कमाईत झालं याचा तुला राग नाही, हे पत्रातून कळतं. राग आहे तो तुला कोणी विचारलं नाही याचा, आणि तो रास्त आहे.

आता कायदा ऐक. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. चौदा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला सिनेमात, मालिकेत काम करता येतं, पण अटींवर. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या पुढं विश्रांतीशिवाय नाही. शाळा बुडू द्यायची नाही, सलग २७ दिवसांच्या वर काम द्यायचं नाही. आणि तुझ्या उपयोगाची अट ही: मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवेत, म्हणजे सज्ञान झाल्यावर ते त्याला मिळतील. तुझ्या सिनेमाच्या वेळी हा नियम नव्हता. मालिका सुरू झाली तेव्हा होता आणि तू तेरा वर्षांची होतीस. म्हणजे चौदा पूर्ण होईपर्यंतच्या तुझ्या कमाईतली अशी एक ठेव असायला हवी. असायला हवी म्हणते, आहे म्हणत नाही. पाच तासांचा नियम तुझ्या सेटवर किती पाळला गेला ते तुलाच माहीत, त्यावरून बाकीच्याचा अंदाज कर.

शोधायचं कसं, हे सेवा केंद्रावर बसणाऱ्या पोरीला मी काय सांगू! तरी सांगते. मालिकेच्या मानधनातून टीडीएस कापला जातो. मुलानं स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात धरत नाहीत, मुलाच्याच नावानं धरतात. तेव्हा तुझं पॅन कार्ड काढलं होतं का ते बघ. काढलं असेल तर आयकराच्या पोर्टलवर त्या वर्षांचा २६एएस उघड. कोणत्या कंपनीनं किती रक्कम दिली आणि किती कर कापला ते त्यात येतं. पैसे पप्पांच्या पॅनवर गेले असतील तर ते त्यांच्या २६एएसमध्ये दिसतील, आणि ते मात्र त्यांना सांगून, त्यांच्या शेजारी बसून बघायचं. ज्या बँकेत मालिकेचे पैसे यायचे तिथं तुझ्या नावाची ठेव आहे का, हेही विचार. अल्पवयीन मुलांच्या नावाच्या ठेवी पावती हरवली म्हणून बँकेत तशाच पडून राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड'मधला तो पोरगा, जॅकी कूगन, तेव्हा जगभर गाजला. सज्ञान झाल्यावर बघतो तर कमाई आई आणि सावत्र बापानं उडवलेली. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला. तिथला कायदा तेव्हा अल्पवयीन मुलाची कमाई आईबापाचीच धरायचा, त्यामुळं हाती फार थोडं लागलं. पण त्या बोभाट्यामुळं कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवायचा कायदा झाला. आपल्याकडं तशी अट यायला २०१७ उजाडलं.

तुझ्या पप्पांना मात्र त्या सावत्र बापाच्या पंगतीत बसवू नकोस. त्यांनी चालतं दुकान बंद केलं. शिलाईचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या टेलरकडं गेलं की परत येत नाही, लग्नसराईत तर नाहीच. मालिकेचे पैसे नव्वद-नव्वद दिवसांनी हातात येतात. तोवर गोरेगावच्या खोलीचं डिपॉझिट, भाडं, रिक्षा, डबा हे सगळं हातउसनं चाललेलं असणार. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन वेगळं. म्हणून हिशोब मागशील तेव्हा दोन्ही बाजूंचा माग: किती आले, आणि तुमचं किती गेलं. "माझे पैसे कुठं आहेत" म्हणून सुरुवात केलीस तर पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढतील, आई मध्ये पडेल आणि विषय कायमचा मिटेल. "पप्पा, आपण दोघांनी मुंबईत किती कमावलं न् किती घातलं ते एकदा वहीत लिहून काढू" असं म्हणून बघ. हिशोबाला 'आपण' म्हणून बसलेला माणूस लवकर उठून जात नाही. काहीच शिल्लक नाही असं निघालं, तरी तुझ्या पदवीचा खर्च घरानं करायचा, एवढं तू स्पष्ट माग. यात संकोच करायचं कारण नाही.

आणि बोलणं झालंच नाही, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जाऊन विचारलं म्हणजे बापावर केस केली असं होत नाही. पण अशा गोष्टींना मुदती असतात आणि तुला एकविसावं लागलंय, म्हणून विचारायला उशीर करू नकोस.

आता तो डायलॉग. मांडवात पंगत बसलेली, डीजे थांबलेला, आणि कोणीतरी मामा हात धरून म्हणतो, "ए, म्हण की गं ते." तू म्हणतेस, सगळे हसतात, घरी आल्यावर तुला रडू येतं. पुढच्या वेळी हसून म्हणायचं, "मामा, ते लहानपणीचं काम होतं, आता नाही म्हणत. तुमचं जेवण झालं का?" आणि जेवणाकडं वळायचं. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. पहिल्या दोन-तीन लग्नांत लोक म्हणतील, पोरगी लई शहाणी झाली. म्हणू दे. आपल्याकडचे लोक चेष्टेला जितक्या लवकर लागतात तितक्याच लवकर कंटाळतातही.

रीलचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. रील वाईट असतात म्हणून नव्हे. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी जे गोड लागलं ते एकवीस वर्षांच्या बाईनं तसंच बोबडं म्हटलं, तर लोक तिला नवीन काम देत नाहीत, जुन्याची आठवण काढून पुढं सरकतात. खाली लिहितात, "अरे ही तीच ना?" कास्टिंग करणारा माणूस तुझं नाव शोधायला गेला तर त्याला पन्नास वेळा तीच छोटी पोरगी दिसेल, तू दिसणार नाहीस. तुला स्वतःहून काही वेगळं करावंसं वाटलं, आपल्या बोलीतलं काही वाचून दाखवावंसं वाटलं, तर कर. पप्पांच्या सांगण्यावरून नको.

मुंबई? आत्ता नको. एक तर त्या दोन वर्षांचं अपयश तू सगळं स्वतःच्या नावावर मांडलंयस. मार्च २०२० मध्ये शूटिंगच बंद पडली होती, पुढंही कित्येक महिने धड सुरळीत नव्हतं. तेव्हा मुरलेले नट घरी बसले होते, तुला कोण काम देणार होतं? आणि चौदा ते सतरा हा नटाचा तसाही आडनिडा काळ असतो. शाळकरी दाखवायचं तर वीस-बावीसची बारीक अंगाची मुलगी घेतात, तिला कामाच्या तासांचे नियम लागत नाहीत आणि दहावीची परीक्षाही आडवी येत नाही.

दुसरं कारण थोडं टोचेल. बालकलाकाराचा अभिनय आणि मोठ्या माणसाचा अभिनय हे दोन निराळे धंदे आहेत. लहान मुलाला मुळात निवडतात ते त्याच्या चेहऱ्यासाठी, बोलण्यासाठी, निरागसपणासाठी. पुष्कळदा त्याला पटकथाही देत नाहीत. खेळ म्हणून सीन सांगतात, रडवायला काहीबाही युक्त्या करतात आणि बाकीचं एडिटिंगच्या टेबलावर जुळवतात. ते श्रेय मी तुझ्याकडून काढून घेत नाही. मार्कवर येऊन थांबणं, कॅमेऱ्याकडं न बघणं, तासन् तास थांबून एका हाकेला पुन्हा त्याच भावात येणं, मागच्या शॉटला वेणी डाव्या खांद्यावर होती हे ध्यानात ठेवणं, हे तुला येतं आणि शिकून आलेल्या कित्येकांना येत नाही. पण संहिता वाचून भूमिका उभी करणं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणं, महिनाभर एकाच माणसाच्या मागं लागून त्याला समजून घेणं, हे तुला कोणी शिकवलंच नाही. ते शिकायला एकविसावं वर्ष उशिराचं कसं होईल?

गाजलेल्या लेकरांचं पुढं काय होतं, याची उदाहरणं लोक नेहमी टोकाची देतात. 'सलाम बॉम्बे'चा शफीक सय्यद राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही पुढं बंगळुरात रिक्षा चालवायला लागला, हे तुलाही कोणीतरी ऐकवलं असेल, बहुधा घाबरवायला. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसाची लाज कशाला वाटावी ते मला कळत नाही. मी तुला दोन दुसरी माणसं सांगते. १९५३ च्या 'श्यामची आई'त श्याम झालेले माधव वझे. त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे याहून मोठं कौतुक लहानपणी मिळायचं राहिलं नव्हतं. ते पुढं इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकं बसवली, नाटकांवर समीक्षा लिहिली, आणि वय झाल्यावर हिंदी सिनेमांत लहान लहान भूमिकाही केल्या. दुसरे महेश कोठारे. १९६३ च्या 'छोटा जवान'मधला पोरगा, नंतर 'राजा और रंक'. मोठेपणी त्यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिली केली आणि १९८५ मध्ये 'धुमधडाका' घेऊन आले ते दिग्दर्शक म्हणून. दोघांच्याही मध्ये कितीतरी वर्षं अशी गेली की लोक म्हणत असतील, तो पोरगा कुठं गेला कोण जाणे. तो कॉलेजात जाऊन बसला होता.

तूही आधी तेच कर. मराठवाड्यातल्या काही कॉलेजांत बी.ए.ला नाट्यशास्त्र विषय घेता येतो. संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं उभं करणारे लक्ष्मण देशपांडे तिथंच शिकवायचे. पुढं ते नाटक माजलगावच्या संदीप पाठकनं हाती घेतलं. जिगीषा या नाट्यसंस्थेची चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी त्याच गावात नाटकं करून मग मुंबईला गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज करायचा म्हटलं तरी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव, दोन्ही लागतं. तुझ्याकडं सिनेमा आहे, मालिका आहे आणि नाटक एकही नाही, ही गंमतच आहे.

ती गंमत यंदाच मिटव. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी परभणी केंद्रावर होते. दिवाळीच्या आगेमागे तालमी रंगात येतात. एखाद्या संस्थेच्या तालमीला जा आणि पडेल ते काम माग. मी स्वतः विंगेत बरीच वर्षं काढली, म्हणून हट्टानं सांगते: पहिल्या वर्षी मुख्य भूमिका दिली तरी घेऊ नकोस. प्रॉम्प्टिंग कर, रंगभूषेला हात लाव, दोन वाक्यांची भूमिका कर. तिथं तुला कोणी जुन्या नावानं हाक मारलीच, तर चार दिवसांत बंद होईल, कारण तालमीत ज्याच्या त्याच्या मागं स्वतःच्या वाक्यांचा घोर असतो. आणि हे करूनही दोन वर्षांनी वाटलं की नको बाई हे, मला तलाठ्याची परीक्षा द्यायचीय, तर खुशाल दे. तेव्हा तू सोडलंस असं होईल. आज तुझ्या हातून ते सुटलंय, आणि त्याचाच सल तुला आहे.

तोवर ऑडिशन पूर्ण थांबवायचं कारण नाही. हल्ली पहिली फेरी बहुतेक फोनवरच मागवतात. स्वच्छ भिंत, खिडकीचा उजेड, नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचा चेहरा आणि दिलेलं वाक्य, एवढं सेवा केंद्र बंद झाल्यावरही होतं. बोलवलं तर जायचं, परभणीहून देवगिरी एक्सप्रेस आहेच. पण खोली करून वाट बघत बसणं नको. आणि कोणी पोर्टफोलिओचे, कार्डाचे, "रोल फायनल आहे, फक्त रजिस्ट्रेशन"चे पैसे मागितले तर तिथंच फोन ठेव. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. बैठकीला जाताना ओळखीची व्यक्ती बरोबर असू दे, पप्पा नको असतील तर मैत्रीण.

स्थळांचं काय बोलू? सिनेमात काम केलं म्हणून जे परत गेले त्यांनी तुझे कष्ट वाचवले. त्याच कारणानं जे आलेत, त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. मुलगा तुझ्याशी बोलताना किती वेळ सिनेमाबद्दल बोलतो आणि किती वेळ तुझ्याबद्दल, ते बघ. सगळा वेळ सिनेमाच चालला असेल, तर बी.ए. होईपर्यंत थांबायचंय म्हणून सांग. खोटंही नाही ते.

२६एएस या आठवड्यातच उघड. त्यात काय निघतं ते मला कळव. काही निघालं नाही तरी कळव, म्हणजे पप्पांशी बोलायचं कसं ते नव्यानं बघू.